मदत हवी: ओव्हनमधला मासा मुलं तोंडात घालत नाहीत, आजच करायचाय

दमलेली_चमची (दुपारी ३.१०)
सातच्या आत उत्तर मिळालं तर उपकार होतील. मुलांना मासा द्यायचाय, तळलेला नको, ओव्हनमधला. तीनदा केला आणि तीनही वेळा ताटात तसाच राहिला. गिळगिळीत होतो, खाली पाणी साचतं, वरच्या ब्रेडच्या चुऱ्याचा लगदा होतो. मोठा नाक दाबतो, धाकटी रडते. २०० डिग्री, २० मिनिटं, सगळं रेसिपीत लिहिलंय तस्संच केलं. कुठे चुकतंय? आणि "सवय लावा, हळूहळू खातील" हे प्लीज नको. ऐकून झालंय.

मोजूनमापून (३.१८)
मासा कोणता? किती जाड? ताजा की फ्रोझन? ओव्हन म्हणजे ओटीजी (वेगळा छोटा विजेचा ओव्हन) की मायक्रोवेव्हचा कन्व्हेक्शन मोड (गरम हवेने भाजणारा)? आधी गरम करून घेता का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, उत्तर कशावर द्यायचं?

पेटती_शेगडी (३.२१)
ओव्हनचं खूळ सोडा हो. तवा तापवा, थोडं तेल, दोन्ही बाजू खरपूस. दहा मिनिटांत ताटात. आमच्याकडे कधी उरत नाही.

दमलेली_चमची (३.२४)
@पेटती_शेगडी तळलेला नको असं वर लिहिलंय.
@मोजूनमापून पांढरा मासा आहे. कन्व्हेक्शन. गरम करते की, २ मिनिटं.

पेटती_शेगडी (३.२६)
तव्यावर परतणं म्हणजे तळणं नव्हे. असो, तुमची मर्जी.

मोजूनमापून (३.३३)
२ मिनिटांत त्याची काच सुद्धा नीट तापत नाही. २०० डिग्रीला निदान १० मिनिटं द्या, ट्रेही आतच राहू दे. दुसरं, २० मिनिटं फार होतात. अडीच सेंटिमीटर जाडीला साधारण १० ते १२ मिनिटं धरायची. मधोमध थर्मामीटर खुपसून ६३ डिग्री सेल्सिअस दिसलं की बाहेर. थर्मामीटर नसेल तर जेवणाच्या काट्याने (फोर्कने) ढकलून बघा, पाकळ्या सुटायला लागल्या आणि मांस पारदर्शक राहिलं नाही की झालं. पण पाणी सुटतंय म्हणजे मला फ्रोझनचाच संशय आहे. त्याचं उत्तर दिलं नाहीत.

हवेवर_तळलेला (३.४०)
एअर फ्रायर घ्या. प्रश्नच मिटला. मी तीन वर्षं ओव्हनला हात लावलेला नाही.

उतू_गेलेलं_दूध (३.४४)
वासाचं मी सांगते. समुद्री माशात एक पदार्थ असतो, मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, तोच तो हिवस वास. मासा २० मिनिटं थंड दुधात बुडवून ठेवा, दूध फेकून द्या, मासा टिपून घ्या. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन वास धरून ठेवतं. मोठा नाक दाबायचं बंद करेल.

आंबटतोंड्या (३.५१)
दूध वाया घालवायची काय गरज? लिंबू पिळा. आम्लाने तोच वास मरतो. मी तर दोन तास लिंबात ठेवतो.

उतू_गेलेलं_दूध (३.५५)
दोन तास?? तुमचा मासा ओव्हनमध्ये जाण्याआधीच पांढरा आणि भुसभुशीत होत असणार. आम्लाने प्रथिनं आवळतात. पिळायचंच तर दहा मिनिटं आधी, नाहीतर थेट ताटात.

आंबटतोंड्या (३.५८)
माझा छान होतो. तुम्ही खाल्लाय का?

दमलेली_चमची (४.०२)
भांडा नंतर. हो, फ्रोझन आहे. फ्रीजरमधून काढून लगेच चुरा लावून ट्रेमध्ये ठेवते, पाकिटावर तसंच लिहिलंय. आणि कोरडा पडू नये म्हणून वरून फॉइल लावते.

मोजूनमापून (४.०९)
फॉइल! पहिल्याच पोस्टमध्ये हे सांगितलं असतंत तर तासभर वाचला असता. फॉइलखाली मासा भाजला जात नाही, वाफवला जातो. वाफ चुऱ्यावर बसणार, लगदा होणारच. त्यात फ्रोझन. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि वितळताना तेच पाणी बाहेर येतं. पाकिटावर जे लिहिलंय ते आधीच चुरा लावलेल्या माशासाठी आहे का, तेवढं बघा.
आज वेळ नाही, तर मासा पिशवीत घट्ट बंद करून थंड पाण्यात ठेवा. पाऊण ते एक तास, मध्ये पाणी बदला. गरम पाण्यात नको. मग मीठ लावून १५ मिनिटं, सुटलेलं पाणी किचन पेपरने दाबून टिपा. हे टिपणं नीट केलंत तर बाकी सगळं सोपं.

शंकेखोर (४.१२)
एक विचारू का? मासा केला त्याच ओव्हनमध्ये दुसऱ्या दिवशी केक केला तर वास लागतो का?

चुरमुरी (४.२०)
चुरा आधी पॅनमध्ये भाजून घ्यायचा! हे कोणीच कसं लिहिलं नाही? चमचाभर तेलावर बदामी होईपर्यंत. बारा मिनिटांत कच्चा चुरा लाल होत नाही, आणि तो लाल होईपर्यंत थांबलात तर आतला मासा चामडं होतो. चिकटवायला अंडं नको, मेयोनेज किंवा घट्ट दह्याचा पातळ थर द्या. ट्रेवर जाळी, जाळीवर मासा, म्हणजे खालची बाजूही ओली राहत नाही. कॉर्नफ्लेक्स चुरून लावले तर कुरकुरीत आवाज येतो. मुलं आवाजाला भुलतात, माझा अनुभव.

हवेवर_तळलेला (४.२२)
एअर फ्रायरच्या बास्केटला जाळी असतेच. म्हणून म्हणत होतो.

जवसाची_पूड (४.२७)
मुळात मासाच हवा असा हट्ट का? ओमेगा-३ साठी असेल तर जवस द्या. मुलं एवढी रडताहेत, बिचारी.

मोजूनमापून (४.३१)
जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं. शरीर त्यातलं फार थोडं माशातल्या प्रकारात बदलू शकतं. आणि त्यांनी ओमेगाबद्दल विचारलेलंच नाही.

जवसाची_पूड (४.३३)
मी फक्त पर्याय सुचवला.

रात्रपाळी (४.३८)
दमलेली_चमची, धाकटी नेमकी कशाला रडते? वासाला, चवीला की दिसण्याला? आणि मासा म्हणजे फिलेट आहे की काटा असलेले आडवे तुकडे? सगळे फिलेट धरून चाललेत.

दमलेली_चमची (४.४५)
तुकडेच आहेत, मधे काटा असलेले. धाकटी मोठ्याचं बघून रडते. त्याच्या घशात गेल्या वर्षी काटा अडकला होता, डॉक्टरांकडे जाऊन काढावा लागला. तेव्हापासून मासा दिसला की नाक दाबतो. पण ते आता झालं की वर्ष.

रात्रपाळी (४.४९)
अहो, मग चुऱ्याचा संबंध काय! तो वासाला नाक दाबत नाहीये, घाबरलाय. त्याला कितीही कुरकुरीत दिलंत तरी तो आत काटा शोधत बसणार.

पेटती_शेगडी (४.५३)
काटा अडकला तर कोरड्या भाताचा मोठा घास गिळायचा, लगेच उतरतो.

उतू_गेलेलं_दूध (४.५५)
कृपा करून असं काही करू नका. काटा आणखी खोल रुतू शकतो. त्यांनी डॉक्टरांकडे नेलं तेच बरोबर केलं.

रात्रपाळी (५.०६)
आज तुमच्याकडे तुकडेच आहेत, तर त्यांना चुरा लावत बसू नका. मीठ-मिरपूड लावून फॉइलमध्येच १५ मिनिटं शिजवा (हो, इथे फॉइल चालेल, वाफवायचाच आहे). नीट शिजलाय ते बघा. हात लावण्याइतका गार झाला की बोटांनी कुस्करा. फोर्कने नको, बोटांनीच. बारीक काटे बोटालाच लागतात. आणि हे मोठ्याच्या समोर करा. दोन हातांनी चाचपून झालं की त्यालाही चाचपू द्या. निघालेले काटे एका ताटलीत ठेवा, त्याला मोजू दे.
मग जेवढा मासा तेवढाच उकडलेला बटाटा, एक अंडं, थोडी कोथिंबीर. चपट्या टिकिया वळा, चुरमुरीताई म्हणतात तसा भाजलेला चुरा लावा, २०० ला १५ मिनिटं, मध्ये एकदा उलटा. मिश्रण सैल वाटलं तर अर्धा तास फ्रीजमध्ये. वळायचं काम धाकटीला द्या.

चुरमुरी (५.१०)
बटाटा उकडल्यावर पाणी काढून पुन्हा मिनिटभर गॅसवर कोरडा करा, नाहीतर टिकिया फुटतात.

मोजूनमापून (५.१४)
पुढच्या वेळी बिनकाट्याचं फिलेट घ्या, तरी मधल्या रेषेवर बोट उलटसुलट फिरवाच. सालमनमध्ये हमखास दोन-चार सापडतात, चिमट्याने काट्याच्या दिशेने ओढायचे. आणि मुलांना नेहमी द्यायचा तर शार्क, स्वोर्डफिशसारखे मोठे शिकारी मासे नकोत, त्यांत पारा जास्त साठतो. सालमन, कॉड, तिलापिया ठीक.

शंकेखोर (५.३०)
केकचं कोणी सांगेल का?

दमलेली_चमची (रात्री ९.२५)
केल्या. मोठ्याने सतरा काटे मोजले, अठरावा मला सापडला तेव्हा त्याला फार आनंद झाला. मग दीड टिकी खाल्ली, प्रत्येक घास आधी बोटांनी उकलून. धाकटीने चुरा तेवढा खरवडून खाल्ला आणि टिकी परत माझ्या ताटात ठेवली. वळलेल्या सगळ्या माशाच्या आकाराच्या होत्या, शेपूट वगैरे. तीन फुटल्या, बटाटा कोरडा करायची पोस्ट नंतर वाचली.
मेयोनेज घरात नव्हतं, अंडं लावलं.

चुरमुरी (९.३१)
चुरा खाल्ला ना? पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना जाड लावा.

रात्रपाळी (९.४०)
दीड खूप झाली. उकलून खाऊ दे, थांबवू नका.

आंबटतोंड्या (९.५२)
लिंबू पिळलं होतं का?

चुरमुरी (१०.०५)
@शंकेखोर लागतो. ओव्हन गरम असतानाच वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी टाकून १५ मिनिटं आत ठेवा, मग दार उघडं टाकून झोपा. केक परवा करा.