मदत हवी आहे: प्रोटेस्टंट पंथ कसा सुरू झाला, यावर कॅथलिक म्हणणं काय?

किनारपट्टी: जरा तातडीचं आहे. प्रोटेस्टंट पंथाच्या उगमाबद्दल कॅथलिक चर्च काय मानतं, हे मला दहा मिनिटांत सांगायचंय. घरातलं जुनं पुस्तक म्हणतं, ल्यूथर या जर्मन संन्याशाला लग्न करायचं होतं म्हणून तो फुटला. आणि नेटवर बघावं तर पोप स्वतः त्या फुटीच्या स्मरणाला गेलेले! खरं काय धरायचं? शाळेतला इतिहास नको, तो पाठ आहे.

बखरवाला: सांगायचंय कुणाला? वर्गात, घरात की परीक्षेत? लग्नाचं म्हणाल तर तारखा बघा. पापमुक्तिपत्रांच्या (इंडल्जन्स) विक्रीविरुद्धचे त्याचे पंचाण्णव मुद्दे 31 ऑक्टोबर 1517 चे, पोपने घातलेला बहिष्कार जानेवारी 1521 मधला, काथारिना फॉन बोराशी लग्न थेट जून 1525 मध्ये. ल्यूथरचं ते बदनाम चित्र मुख्यतः योहान कॉखलेउसमुळे रुजलं. तो त्याचा समकालीन, कडवा विरोधक. त्याचं पुस्तक 1549 मध्ये आलं आणि पुढे कित्येक पिढ्या कॅथलिक लेखक त्याचीच री ओढत राहिले.

हिशेबनीस: मूळ पैशात आहे. जर्मनीतल्या आल्ब्रेख्तकडे माग्डेबुर्गचं आर्चबिशपपद होतंच, त्याला माइन्ट्सचंही हवं होतं. रोमला द्यायची रक्कम त्याने फूगर सावकारांकडून उचलली. टेट्झेल या धर्मगुरूने ती पत्रं विकून गोळा केलेल्या पैशातला अर्धा वाटा कर्जात, अर्धा रोमच्या सेंट पीटर्सच्या बांधकामाला. एवढंच सांगा, लोकांना कळेल.

शुद्धबोध: एवढंच सांगितलं तर कॅथलिक बाजू सांगितलीच नाही असं होईल. मुळात त्या पत्रांनी पाप धुतलं जातं अशी शिकवण नव्हती. पापाची क्षमा पापनिवेदनात. पत्राचा संबंध त्यानंतर उरणाऱ्या शिक्षेशी. बाजार मांडला गेला, तो गैरवापर. फूट पडली अधिकाराच्या प्रश्नावर. 1519 मध्ये लाइप्झिगला योहान एक या कॅथलिक पंडिताशी वाद घालताना ल्यूथर म्हणाला की धर्मपरिषदाही चुकू शकतात. तिथून परत फिरणं अवघड होतं.

हिशेबनीस: कर्ज नसतं तर टेट्झेल त्या भागात फिरलाच नसता.

शुद्धबोध: मग ल्यूथरच्या शंभर वर्षं आधीच्या यान हुस या सुधारकाचं काय? त्याला 1415 मध्ये कॉन्स्टन्सला जाळलं, तिथे कुठे होते फूगर?

गोवेकर: इंग्लंड विसरू नका. तिथे फूट राजाने पाडली, 1534 मध्ये स्वतःला चर्चचा प्रमुख ठरवणाऱ्या कायद्याने. एलिझाबेथच्या काळात तर जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूने देशात नुसतं राहणं हा राजद्रोह ठरला. जेझुइट फादर स्टीफन्स त्याच देशातले, 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचं मराठी क्रिस्तपुराण प्रत्येकाने एकदा वाचावं.

बखरवाला: ताई, कुणाला सांगायचंय ते राहिलंच.

किनारपट्टी: आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये). ख्रिस्ती ऐक्य सप्ताह आहे ना, 18 ते 25 जानेवारी. शेजारच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रोटेस्टंट चर्चची मंडळी येणार आहेत. आणि समोर आमचे जुने लोकही असतील, ज्यांना लग्नाचीच गोष्ट ठाऊक आहे.

बखरवाला: अहो, हीच तर मुख्य गोष्ट! मग सहाव्या एड्रियनपासून सुरुवात करा. जानेवारी 1523 मध्ये न्यूरेम्बर्गला जर्मन राजेरजवाड्यांच्या सभेत या पोपने आपल्या दूताकरवी कबुली दिली की रोमच्या गादीभोवतीच अनेक वर्षं घोर गैरप्रकार झाले आणि रोग डोक्यातून अवयवांत उतरला. ल्यूथर जिवंत असताना! तुमच्या जुन्या लोकांना हे पोपच्याच तोंडून ऐकू द्या. पुढे 1939-40 मध्ये योसेफ लोर्ट्झ या कॅथलिक धर्मगुरूने ल्यूथरला प्रामाणिक धार्मिक माणूस म्हणून मांडलं. 1964 मध्ये व्हॅटिकन परिषदेने मान्य केलं की फुटींत दोष बरेचदा दोन्हीकडच्या माणसांचा होता. पोप फ्रान्सिस 2016 मध्ये स्वीडनमधल्या लुंडला गेले, ते तुम्ही वाचलंत तेच.

शुद्धबोध: पण ‘दोघांचंही चुकलं’ म्हणून विषय गुंडाळू नका. 1999 मध्ये ऑग्सबुर्गला श्रद्धेने नीतिमान ठरण्याबद्दल ल्यूथरन आणि कॅथलिकांची मूलभूत सहमती झाली. पोपपद आणि धर्मगुरूंची दीक्षा यांवरचा मतभेद कायम आहे. पाहुण्यांना तेही स्वच्छ सांगा, त्यातच त्यांचा मान आहे.

नगरकर: तुमचे पाहुणे ल्यूथरन नसणार. सीएनआय 1970 मध्ये नागपुरात बनलं, अनेक चर्चेस एकत्र येऊन. आमच्या नगरकडची मंडळी अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे कॅल्व्हिन या दुसऱ्या प्रोटेस्टंट सुधारकाच्या वळणाची. नुसतं ल्यूथर-ल्यूथर केलंत तर त्यांना परकं वाटेल.

मांडवशोभा: कॅथलिक मुलीने प्रोटेस्टंट मुलाशी लग्न करायचं तर बिशपांची परवानगी लागते. अर्ज फादरांकडे वेळेत द्या, ऐनवेळी धावपळ होते.

किनारपट्टी: लग्न माझं नाहीये हो! बखरवाला, एड्रियनपासूनच सुरू करते. पण त्यांनी एवढं मान्य केलं, तर पुढे काही बदललं का नाही?

बखरवाला: सप्टेंबर 1523 मध्ये ते वारले. गादीवर जेमतेम वीस महिने. चर्चमधल्या सुधारणांसाठीची ट्रेंटची परिषद भरायला 1545 उजाडलं. माझ्या मते कॅथलिकांनी सगळ्यात जास्त हळहळावं ते या मधल्या बावीस वर्षांबद्दल.

हिशेबनीस: आणि पैशाच्या बदल्यात मिळणाऱ्या त्या शिक्षेच्या सवलती पोप पाचव्या पायसने रद्द केल्या 1567 मध्ये. शुद्धबोध, पैशाचा मुद्दा किरकोळ होता तर पोपला हे का करावं लागलं?