कॅरोलायना वसाहत: आफ्रिकन गुलामांबरोबर तिथल्या मूळ रहिवाशांनाही विकत होते?

पाणकावळा:
मंडळी, एक शंका आहे, जाणकारांनी मदत करा. अमेरिकेतली गुलामगिरी म्हटलं की कापसाची शेतं आणि आफ्रिकेतून आणलेली माणसं एवढंच डोळ्यासमोर येतं. पण सध्या साउथ कॅरोलायनाच्या अगदी सुरवातीच्या काळाबद्दल वाचतोय, १६७० ते १७४० वगैरे, आणि त्यात कापसाचं नावच नाही. १७०८ मधे तिथल्या गव्हर्नरनं लंडनला पाठवलेली शिरगणती बघा, गोरे सगळे मिळून ४ हजारांच्या थोडे वर, आफ्रिकन गुलाम ४१०० आणि इंडियन गुलाम १४००. हे १४०० म्हणजे तिथलेच मूळ रहिवासी ना? मग ज्याला तिथली नदी अन् जंगल पाठ आहे असा माणूस शेजारच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबतोय हे चालायचं कसं, पळून का नाही गेले? आणि पुढच्या काळात हे लोक कागदांतून जवळजवळ गायबच होतात, ते कुठे गेले?

रानवाटा:
चांगला धागा. पळून जायचे की! म्हणूनच बहुतेकांना तिथे ठेवतच नव्हते, जहाजात घालून कॅरिबियनमधली बार्बाडोस, जमैका ही इंग्रजांची बेटं नाहीतर उत्तरेला न्यू इंग्लंडकडे विकून टाकायचे. ते १४०० म्हणजे विकून उरलेले. १६७० ते १७१५ या काळात या धंद्यात पकडलेल्या मूळ रहिवाशांचा इतिहासकारांचा अंदाज २४ हजार ते ५१ हजार असा आहे, आकड्यात फरक मोठा आहे कारण बराचसा धंदा कर चुकवून चालायचा आणि नोंदीच नाहीत. पण १७१५ पर्यंत चार्ल्स टाउन (आजचं चार्ल्सटन, वसाहतीचं मुख्य शहर) बंदरात जेवढे आफ्रिकन गुलाम उतरले त्यापेक्षा जास्त मूळ रहिवासी तिथून बाहेर गेले असं बरेच जण मानतात.

हे समजायला आधी बार्बाडोस बघायला लागेल. १६४० नंतर तिथे ऊस आला आणि एवढंसं बेट, थोड्याच वर्षांत सगळी जमीन मोठ्या मळेवाल्यांच्या घशात गेली. त्यांची धाकटी पोरं आणि छोटे मळेवाले नवी जमीन शोधत होते. १६६३ मधे दुसऱ्या चार्ल्सनं आठ लॉर्डांना कॅरोलायनाची सनद दिली आणि त्यांनी जाहिरातच केली की या, माणशी जमीन देतो, आणि सोबत गुलाम आणलात तर त्या डोक्यामागे आणखी जमीन. म्हणजे व्हर्जिनियात गुलामगिरी हळूहळू रुजत गेली तसं इथे झालंच नाही, पहिल्या दिवसापासून पाया तोच, कायदे पण पुढे बार्बाडोसचेच उचलले. १६६९ च्या त्यांच्या घटनेत (जॉन लॉक या लॉर्डांचा सेक्रेटरी होता, मसुद्यात त्याचा हात होता, हो तोच स्वातंत्र्यावर लिहिणारा तत्त्वज्ञ लॉक) स्वच्छ लिहिलंय की प्रत्येक स्वतंत्र माणसाला आपल्या निग्रो गुलामावर पूर्ण सत्ता राहील. आणि त्याच कागदात हेही आहे की मूळ रहिवासी मूर्तिपूजक आहेत, अडाणी आहेत म्हणून त्यांना हाकलायचा किंवा छळायचा आपल्याला हक्क मिळत नाही! लंडनच्या लॉर्डांना नेटिव्हांशी शांतपणे कातड्यांचा व्यापार हवा होता, तोही फक्त स्वतःच्या हातात. पण चार्ल्स टाउनजवळ गूझ क्रीक या भागात बसलेल्या बार्बाडोसवाल्यांना भांडवल हवं होतं आणि लगेच हवं होतं, हाताशी ऊस नाही, तंबाखू नाही, पकडून विकता येईल अशी एकच वस्तू आजूबाजूला, माणूस.

स्पष्टवक्ता:
पण पकडून कोण आणायचं? मी वाचलंय त्याप्रमाणे वेस्टो, सवाना, यामासी या टोळ्याच एकमेकांवर धाडी घालून माणसं आणायच्या आणि इंग्रज फक्त विकत घ्यायचे. म्हणजे आपापसातली भांडणं त्यांची, गिऱ्हाईक इंग्रज. सगळं खापर गोऱ्यांवर फोडायची फॅशन आहे म्हणून विचारतोय.

रानवाटा:
@स्पष्टवक्ता धाडी टोळ्या घालायच्या हे खरंय, लपवायचं कारण नाही. पण गिऱ्हाईक 'फक्त' नव्हतं हो. वेस्टोंचंच घ्या, हे लोक मूळचे उत्तरेकडचे, व्हर्जिनियाकडून बंदुका मिळवून सवाना नदीवर येऊन बसलेले आणि किनाऱ्यावरच्या धनुष्यबाणवाल्या छोट्या टोळ्यांना लुटायचे. १६७० मधे इंग्रजांची जहाजं आली तेव्हा यातल्याच कियावाह टोळीच्या प्रमुखानंच त्यांना आमच्याकडे या म्हणून अ‍ॅशली नदीवर नेलं, कारण वेस्टोंपासून संरक्षण मिळेल अशी आशा होती. त्या लोकांनी आपल्या परीनं विचार करूनच पाऊल टाकलं होतं, भाबडे वगैरे नव्हते. झालं काय तर १६७४ मधे हेन्री वुडवर्ड हा वसाहतीचा माणूस वेस्टोंकडे जाऊन सौदा करून आला आणि ज्यांच्यापासून वाचवायचं तेच इंग्रजांचे माल पुरवणारे झाले. मग १६८० मधे गूझ क्रीकवाल्यांना वाटलं की या वेस्टो व्यापाराचा फायदा लॉर्डांना होतोय, आपल्याला नाही, तर त्यांनी सवाना लोकांना हाताशी धरून वेस्टोंनाच संपवलं आणि उरलेल्यांना विकलं. काल माणसं आणून देणारा आज स्वतः जहाजात, हे पुढची पस्तीस वर्षं आलटून पालटून होत राहिलं.

आणि यातून बाहेर पडायची सोय नव्हती. शेजारच्या टोळीकडे बंदुका आल्या की तुम्हाला पण लागणार, बंदूक आणि दारूगोळा मिळणार फक्त व्यापाऱ्याकडे, आणि व्यापाऱ्याला पाहिजे हरणाची कातडी नाहीतर कैदी. १७०० च्या आसपास वर्षाला ५० हजाराच्या वर कातडी इंग्लंडला जात होती, हरणं किती दिवस पुरणार? १७०४ मधे जेम्स मूर (हा आधी गव्हर्नर होता) ५० गोरे आणि क्रीक नावाच्या मूळ रहिवाशांचे सुमारे हजार योद्धे घेऊन स्पॅनिश फ्लोरिडात घुसला आणि अपलाची लोकांची ख्रिस्ती मिशनची गावं उजाड केली, त्यातले पुष्कळ लोक गुलाम म्हणून आणले. आता ही 'टोळ्यांची आपापसातली भांडणं' म्हणायची का? मोहीम कोणाची, गिऱ्हाईक कोण, बंदुका कोणाच्या.

खाचरवाली:
रानवाटा +१. यात एक भर घालते, कातड्यांचा व्यापार सगळा उधारीवर चालायचा. यामासींवर १७११ पर्यंत व्यापाऱ्यांचं कर्ज सुमारे १ लाख कातड्यांचं झालं होतं, आणि कर्ज फेडलं नाही तर बायकापोरं उचलून न्यायचे, तीही जे लोक कालपर्यंत इंग्रजांच्या बाजूनं लढले त्यांची! त्यात १७१५ च्या सुरवातीला सरकारनं त्यांची गावागावांत मोजणी केली. मोजतात म्हणजे आता आपला नंबर असं त्यांना वाटलं असेल तर नवल काय. १५ एप्रिल १७१५, गुड फ्रायडेला यामासींच्या पोकोटालिगो गावात बोलणी करायला आलेल्या थॉमस नेर्नला आणि बाकीच्या व्यापाऱ्यांना त्यांनी मारलं आणि यामासी युद्ध पेटलं. नेर्न सरकारी एजंट होता आणि त्यातल्या त्यात व्यापाऱ्यांच्या लुबाडणुकीविरुद्ध बोलणारा, ही पण एक गंमत (गंमत कसली म्हणा). सुमारे ४०० गोरे मेले, म्हणजे वसाहतीच्या मानानं भयंकर. चार्ल्स टाउन वाचलं याचं मोठं कारण म्हणजे चेरोकी ही मोठी टोळी शेवटी क्रीकांच्या विरुद्ध इंग्रजांकडे वळले, आणि दुसरं कमी सांगितलं जाणारं कारण म्हणजे मळेवाल्यांनी आपल्या आफ्रिकन गुलामांच्या हातात शस्त्रं देऊन लढायला पाठवलं.

पाणकावळा यांच्या 'कुठे गेले' चं उत्तर बरंचसं इथे आहे. युद्धानंतर हा धंदा मोठ्या प्रमाणावर चालू ठेवणं परवडणारं राहिलं नाही. उत्तरेच्या वसाहती आधीच नको म्हणायला लागल्या होत्या, मॅसॅच्युसेट्सनं १७१२ मधेच असे गुलाम आणायला बंदी घातली, कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडनं १७१५ मधे (दया येऊन नाही, हे लोक बंड करतील या भीतीनं). जे मळ्यांवर राहिले त्यांची लग्नं आफ्रिकन गुलामांशी झाली, मूल आईच्या मागे गुलाम असा कायदा, आणि दोनतीन पिढ्यांत यादीत त्यांना पण सरसकट निग्रो म्हणून लिहायला लागले. माणसं होती, रकाना गेला.

पाणकावळा:
बाप रे, एवढं डिटेलमधे अपेक्षित नव्हतं, धन्यवाद दोघांना. मग कापूस नाही, ऊस नाही, तर ४१०० आफ्रिकन माणसं नेमकं काय करत होती? भात म्हणतात ते खरं का? आणि इंग्रजांना भात कुठून येत होता?

खाचरवाली:
येत नव्हता, तीच तर गोष्ट आहे :) सुरवातीची वीसेक वर्षं गुरं राखणं, लाकूड तोडणं, डांबर काढणं, बार्बाडोसला खारवलेलं मांस आणि पिंपाच्या फळ्या पाठवणं हेच चाललं होतं. भात साधारण १६९० नंतर जमला. आता त्याचं श्रेय कोणाला यावर इतिहासकारांत जोरदार वाद आहे. एक बाजू म्हणते की सेनेगाल, गांबिया, सिएरा लिओन या पट्ट्यात शेकडो वर्षं भातशेती होती, तिथून आलेल्या लोकांनीच हे ज्ञान आणलं, इंग्रज मळेवाल्याला खाचरात पाणी कधी घ्यायचं अन् कधी सोडायचं हे कोण सांगणार? टाचेनं खड्डा करून बी टाकून पायानंच माती ओढायची पद्धत, लाकडी उखळ-मुसळात भात कांडणं, गवताच्या विणलेल्या सुपानं पाखडणं, हे सगळं पश्चिम आफ्रिकेतलं जसंच्या तसं. दुसरी बाजू म्हणते की जहाजांच्या नोंदी बघा, १७३० च्या दशकात आलेले बहुतेक लोक अंगोला-काँगोकडचे, भातवाल्या भागातले नव्हेतच, मळेवाले मिळतील ते घेत होते. मला वाटतं दोन्ही खरं असू शकतं, शिकवायला सगळेच भातवाले असायला लागत नाहीत, सुरवातीला थोडे असले तरी पुरे.

पण ज्ञान कोणाचं या वादात काम काय होतं ते राहून जातं. सुरवातीची खाचरं दलदलीतली, सायप्रसची झाडं तोडून, मुळं उपटून, बांध घालून केलेली, सगळं कुदळ-फावड्यानं. उन्हाळाभर गुडघाभर पाण्यात उभं राहून निंदणी, डास, मलेरिया (गोरे मालक त्या दिवसांत शहरात पळायचे), आणि हिवाळ्यात कांडण. कांडण हे सगळ्यात वाईट, दिवसभराच्या कामाच्या आधी पहाटे आणि नंतर रात्री. शिवाय दाणा तुटला की भाव पडतो म्हणून मार. १७४० च्या सुमाराला वर्षाला ४ कोटी पौंडांच्या वर तांदूळ बाहेर जात होता आणि तो सगळा हातानं कांडलेला, हिशोब करून बघा. मरणारे जास्त, जन्मणारे कमी, म्हणून १७३० च्या दशकात एकट्या त्या बंदरात २० हजाराच्या वर माणसं आणली. मूळ रहिवाशांची जमीन युद्धानंतर मोकळी झालेली होतीच, तिच्यावरच हे पसरलं.

स्पष्टवक्ता:
ठीक आहे, बंदुका आणि उधारीचा मुद्दा मान्य. पण मग एवढे आफ्रिकन गुलाम, पुढे तर गोऱ्यांच्या दुप्पट, त्यांनी उठाव कसा नाही केला?

निशाचर_२:
केला ना. स्टोनो, ९ सप्टेंबर १७३९, रविवार. वीसेक जणांनी स्टोनो नदीजवळचं दुकान फोडून बंदुका घेतल्या आणि ढोल वाजवत, निशाण घेऊन दक्षिणेला निघाले, वाटेत लोक मिळत गेले. पुढारी जेमी, बरेच जण अंगोलाकडचे. वाटेतल्या एका खाणावळवाल्याला तो गुलामांशी बरा वागतो म्हणून सोडून दिलं, बाकी वीसच्या वर गोरे मारले. नशीब असं फुटकं की लेफ्टनंट गव्हर्नर बुल घोड्यावरून नेमका समोर आला आणि निसटून त्यानं बोभाटा केला. संध्याकाळपर्यंत मिलिशियानं (वसाहतवाल्यांचं हत्यारबंद पथक) मोडून काढलं. पुढच्या वर्षी १७४० चा निग्रो कायदा, जमायला बंदी, लिहायला शिकवायला बंदी, ढोल वाजवायला पण बंदी.

दक्षिणेलाच का, तर स्पेननं १६९३ मधे जाहीर केलं होतं की इंग्रजांकडून पळून येऊन कॅथलिक होईल तो स्वतंत्र. १७३८ मधे स्पॅनिश फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिन शहराच्या उत्तरेला फोर्ट मोसे नावाची या पळून आलेल्यांची आख्खी वस्तीच बसवली. (स्पेन काही संत नव्हता, शेजाऱ्याचं नुकसान होतंय ना, झालं.) तिथल्या मिलिशियाचा कॅप्टन फ्रान्सिस्को मेनेंदेस. हा पश्चिम आफ्रिकेतल्या मँडिंगा लोकांपैकी, कॅरोलायनात गुलाम होता, आणि यामासी युद्धात यामासींच्या बाजूनं इंग्रजांविरुद्ध लढला होता! त्यांच्याबरोबरच पुढे फ्लोरिडात गेला, तिथे वचन मोडून त्याला परत गुलाम केलं, हा अर्जावर अर्ज करत राहिला आणि एका यामासी प्रमुखानं त्याच्या बाजूनं साक्ष दिली तेव्हा कुठे १७३८ मधे सुटला. १७४० मधे इंग्रज फोर्ट मोसेवर चालून आले तेव्हा लढायला हाच पुढे. पाणकावळा, तुम्ही यामासी लोकांचं पुढे काय झालं ते शोधत असाल तर कॅरोलायनाचे कागद सोडा आणि सेंट ऑगस्टिनच्या मिशनची दप्तरं बघा, तिथे बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदींत यामासी आणि पळून आलेले आफ्रिकन हे दोन्ही लोक एकत्र सापडतात.