चर्चा: गोव्यातल्या मधुमेही मूत्रपिंडरुग्णांनी औषधचाचणीत जावं का?

डिचोलीकर (धागा सुरू करणारे)
2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचं देशातलं प्रमाण 11.4 टक्के निघालं आणि गोव्याचं 26.4, सगळ्या राज्यांत जास्त. चार प्रौढांमागे एक! यातल्या कितीतरी जणांची मूत्रपिंडं हळूहळू निकामी होत जातात आणि पाय सुजेपर्यंत घरात कोणाला पत्ता लागत नाही. पण औषधचाचणीचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, "आमच्या माणसाला उंदीर करणार."

माझं स्पष्ट मत आहे की अशा चाचण्या गोव्यात वाढायला हव्यात आणि आपण त्यांत सामील व्हायला हवं. 2019 च्या क्रेडेन्स चाचणीत 4401 मधुमेही मूत्रपिंडरुग्ण होते. कॅनाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत मूत्रपिंड निकामी होणं, क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढणारा घटक) दुप्पट होणं, किंवा मूत्रपिंड वा हृदयविकाराने मृत्यू, हा एकत्रित धोका 30 टक्क्यांनी घटला. त्याच कुळीतली डापाग्लिफ्लोझिन आज म्हापशात कुठल्याही फार्मसीत मिळते. ती कोणाच्या जिवावर आपल्यापर्यंत आली, याचा विचार करा.

साखळीची माई
मिळते, पण परवडायला लागली ती पेटंट संपून इतर कंपन्या उतरल्यावर. चाचणीत गेलेल्याच्या घरी कोणी पुढे फुकट गोळ्या पाठवल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि संमतीचं काय? माझ्या भावाला एका खाजगी इस्पितळात डायलिसिस चालू असतानाच कागद पुढे केला. एका हातात सुया टोचलेल्या, दुसऱ्या हातात पेन. जाडजूड गठ्ठा, सगळा इंग्रजीत. समजावायला आलेली मुलगी पानं उलटत म्हणाली, "इथं, इथं आणि शेवटी." त्याला वाटलं, सही नाही केली तर पुढच्या पाळीला खाट मिळणार नाही. याला तुम्ही संमती म्हणता? 2009-10 मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यात अभ्यासासाठी मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची) दिली, तेव्हा खम्मममध्ये कितीतरी मुलींसाठी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. संसदीय समितीने 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. हे विसरून पुढे कसं जायचं?

फोंड्याचा फार्मासिस्ट
माई, तुमच्या भावाच्या बाबतीत झालं ते चूकच, आणि कायद्यातही बसत नाही. औषधचाचण्यांच्या 2019 च्या नियमांप्रमाणे माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही. चाचणी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदलेली असावी लागते, तिथं कोणीही शोधून पाहू शकतो. माझ्याकडे डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांना मी आधी हेच सांगतो, नोंदणी क्रमांक मागा.

अजून एक. लोकांना वाटतं, निम्म्यांना खोटी गोळी देऊन मरायला सोडतात. क्रेडेन्समध्ये तसं नव्हतं. सगळ्यांना रक्तदाबाची, मूत्रपिंड जपणारी नेहमीची गोळी चालू होती, नवी गोळी किंवा खोटी गोळी त्यावर जादा. आणि फायदा स्पष्ट दिसताच चाचणी मुदतीआधी थांबवली.

साखळीची माई
फायद्यासाठी थांबवलेली सांगता, मग नुकसानीमुळे थांबवलेलीही सांगा. बार्डॉक्सोलोन या मूत्रपिंडाच्या नव्या औषधाची चाचणी 2012 मध्ये बंद करावी लागली. रुग्ण मधुमेही, मूत्रपिंडं बरीचशी गेलेली, आणि औषधाच्या गटात हृदय निकामी होण्याचं प्रमाण वाढलं. त्यांच्या घरच्यांना काय सांगायचं, की तुमच्या माणसामुळे विज्ञान पुढे गेलं?

निवासी डॉक्टर, बांबोळी
हो, त्या घरांचं नुकसान खरं आहे, ते लपवू नये. पण चाचणी झाली नसती आणि औषध थेट बाजारात आलं असतं, तर कोणाला मोजताही आलं नसतं.

मला रोज सतावतो तो वेगळा रुग्ण. पावसात शेतात किंवा कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) काम करणारा, मधुमेह जुना, ताप येऊन पाचव्या दिवशी आमच्याकडे. डोळे पिवळे, पिंढऱ्या दाबल्या तर कळवळतो, लघवी जवळपास बंद. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप. त्याचं क्रिएटिनिन तापाआधीच चढलेलं. मूत्रपिंडाच्या चाचण्या असा रुग्ण घेत नाहीत; डापाग्लिफ्लोझिनच्या डापा-सीकेडी चाचणीत ईजीएफआर (मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता) 25 ते 75 असलेलेच घेतले होते. अँटिबायोटिकच्या चाचण्याही मूत्रपिंड खूप खराब असेल तर बऱ्याचदा वगळतात. मग त्याला डोस किती द्यायचा, त्याच्या नेहमीच्या गोळ्यांतलं काय थांबवायचं, हे आम्ही अंदाजाने ठरवतो. ग्लिफ्लोझिन जातीची गोळी तेवढी आजारपणात बंद करतो, कारण खाणं सुटलं की कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल साठण्याचा, धोका असतो.

याच गोळ्या कोविडमध्ये अवयव वाचवतील असं वाटत होतं. 2021 ची डापाग्लिफ्लोझिनची डेअर-19 आणि पुढे रिकव्हरी या मोठ्या कोविड चाचणीत त्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनची चाचणी झाली, ठोस फायदा दिसला नाही. तपासलं म्हणून कळलं. उलट मे 2021 मध्ये आपल्या सरकारने 18 वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की ते चाचणीबाहेर वापरू नका. ज्याला चाचणीची भीती वाटते त्याने हे लक्षात ठेवावं: न तपासलेली गोळी तर अख्ख्या राज्याला मिळणार होती, आणि तिथं सही कोणी मागितलीच नसती.

डिचोलीकर
माकडतापाचंही (रानातल्या गोचिडींमुळे होणाऱ्या) तेच. 2015 पासून सत्तरी तालुक्यात माणसं गेली. जुनी लस फारशी चालत नाही म्हणून बंद झाली. नवी लस आली तर ती मुंबईत तपासून उपयोग नाही, जिथं ताप आहे तिथंच तपासावी लागेल. म्हणजे आपल्याच लोकांवर.

साखळीची माई
म्हणूनच मी मागे हटत नाही. सत्तरीतली कामगार बाई रोजगार बुडवून लस घ्यायला येणार, तिला नाही म्हणणं जमेल का? डायलिसिसच्या खाटेवर सही नको. कागद मराठीत आणि कोंकणीत हवा, घरी नेऊन वाचायला मिळायला हवा, आणि नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही हे त्या इस्पितळाबाहेरच्या माणसाने सांगायला हवं. एवढं दाखवा, मग पुढचं बोलू.

निवासी डॉक्टर, बांबोळी
शेवटची अट आमच्याकडे आजच पाळता येईल. मी विभागात मांडते.

काणकोणकर
आमच्या भागात मधुमेह नसलेल्यांचीही मूत्रपिंडं जातात, कारण अजून पक्कं सापडलेलं नाही. तुमच्या सगळ्या चाचण्या मधुमेहाच्या गोळ्यांच्या. आमच्या पाण्याची, शेतात उन्हात राबणाऱ्यांची वर्षानुवर्षं तपासणी करायला कुठली कंपनी पैसे घालेल?

फोंड्याचा फार्मासिस्ट
कुठलीच नाही. त्यात विकायला गोळी नाही. ते सरकारनेच करायला हवं, आणि आमदारांकडे मागायला तुमच्याबरोबर मीही येतो.