'ॲटमायझेशन'ला मराठीत काय म्हणाल? फवारणी, तुषारीकरण की आणखी काही?

मात्रावेलांटी:
अंधेरीतल्या एका कारखान्यासाठी नोझलच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करते आहे. वाचणार आहेत मशीनवर उभी राहणारी माणसं, प्राध्यापक नव्हेत. मूळ मजकुरात 'ॲटमायझेशन', म्हणजे नोझलच्या तोंडातून द्रवाचे बारीक थेंब करणं, पानोपानी आहे. आधीच्या अनुवादकाने 'अणुकरण' लिहून ठेवलंय. ते मला पचत नाही. त्याजागी 'फवारणी' घातलं तर काही वाक्यं धावतात, काही अडतात. 'दाब वाढवला की फवारणी बारीक होते' हे चालून जाईल. पण 'फवारणी नीट न झाल्यास फवाऱ्यात मोठे थेंब राहतात' हे वाचून मलाच हसू आलं. एका मित्राने 'तुषारीकरण' सुचवलंय. तुम्ही काय लिहाल?

चौथीसीट:
अणुकरण आजच्या आज खोडा. द्रवाचे थेंब होतात, अणू होत नाहीत. एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा पाण्याचा थेंब घ्या, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. त्यातसुद्धा साधारण १,७०० कोटी रेणू असतात. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ग्रीकांचा 'कापता न येणारा' कण आहे. तिथे तो रुळून गुळगुळीत झाला, त्यामुळे कुणाला खटकत नाही. आपल्याकडे 'अणू' म्हटलं की लोकांना तुर्भ्याचं भाभा केंद्र आठवतं. कामगार मास्क मागतील.

दादरपूर्व:
शब्दांच्या घराण्यांबद्दल थोडं. 'फवारा' मूळचा अरबी, 'फव्वारा'. तिकडे आणि हिंदीत त्याचा पहिला अर्थ कारंजं. मराठीने कारंज्यासाठी 'कारंजं' ठेवलं आणि 'फवारा' बारीक थेंबांच्या झोताकडे वळवला. म्हणून फ्लोरा फाउंटनला कुणी मराठी माणूस फवारा म्हणत नाही, हिंदी भाषक मात्र सहज म्हणेल.

'तुषार'ची गंमत वेगळी. संस्कृतात तो हिम, दव, थंडगार धुकं. मराठीत आपण त्याचं पाणी केलं. मरीन ड्राइव्हवर भरतीच्या लाटा कठड्यावर आपटल्या की अंगावर येतात ते तुषार, तिथे 'फवारा' म्हटलं तर कुणीतरी नळी धरल्यासारखं वाटतं. तुषार आपोआप उडतात, फवारा माणूस मारतो. माझ्या कानाला तरी हा फरक पक्का आहे.

आता 'तुषारीकरण'. अडचण अशी की सरकारने 'तुषार सिंचन' शब्द स्प्रिंकलरला देऊन टाकलाय आणि तो गावोगाव रुजलाय. स्प्रिंकलरचे थेंब मिलिमीटरच्या घरातले, चांगले टपोरे. तुमच्या नोझलचे त्याच्या दहाव्या-पन्नासाव्या हिश्शाचे असणार. गावाहून आलेल्या माणसाच्या डोळ्यापुढे उसाचं शेत उभं राहील. शिवाय '-ीकरण' लावलं की कुठलाही शब्द परिपत्रकातला वाटायला लागतो, ते वेगळंच.

संस्कृतातला 'शीकर' अर्थाने सगळ्यात जवळचा आहे, वाऱ्याने उडालेले जलकण. पण तो आज लिहिणं म्हणजे पुस्तिकेला शब्दकोश जोडणं.

रंगारी कुर्ला:
मी गाड्या रंगवतो, भाषेतलं कमी कळतं. आमच्याकडे तो लांबलचक शब्द कुणी उच्चारत नाही. आम्ही म्हणतो 'कलर फुटत नाहीये'. कलर जाड असला, हवा कमी पडली किंवा नोझल घासलं की कलर फुटत नाही, ठिपके पडतात. पॅनेलवर संत्र्याची साल उमटते, आणि भरपूर मारला तर ओघळ. मग आधी थिनर बघायचा. फोर्ड कपात कलर भरून खालच्या भोकातून किती सेकंदात गळतो ते मोजायचं, डब्यावर लिहिलेल्या सेकंदांशी ताडायचं. नवीन पोरं हे सोडून सरळ हवेचा दाब वाढवतात. तेही वाईट. कलर प्रमाणाबाहेर फुटला की थेंब पत्र्यावर पोचायच्या आधीच सुकतो, हात फिरवला की खरखर लागते. उरलेला शेजारच्या गाडीवर, आणि आपल्या छातीत. म्हणून हल्ली एचव्हीएलपी गन आल्या, हवा भरपूर पण गनच्या तोंडावरच्या टोपीपाशी दाब १० पीएसआयच्या आत. कलर वाया कमी जातो.

मात्रावेलांटी:
'कलर फुटत नाहीये'! हे हवंच होतं. धन्यवाद दादा.

पवईचा उंबर:
रंगारीदादांनी नेमकं क्रियापद पकडलंय, आणि शास्त्रही तेच सांगतं. या सगळ्या प्रकरणात दोन वेगळ्या घटना आहेत. द्रव फुटणं ही एक. फुटलेले थेंब पसरणं ही दुसरी. 'फवारणी' दुसरीचं नाव आहे, ताईंचं वाक्य तिथेच अडतं.

फुटण्याचं गणित फार देखणं आहे, म्हणून जरा लांबण लावतो. नळ अगदी बारीक सोडा. वरून काचेसारखी सलग दिसणारी धार खाली जाता जाता थेंबांत तुटते. प्लॅटोने (बेल्जियमचा जोसेफ प्लॅटो, ग्रीक नव्हे) १८७३ साली दाखवलं की द्रवाच्या दंडगोलावरची लाट त्याच्या परिघापेक्षा लांब असली की तो दंडगोल टिकत नाही. पृष्ठताण त्याला आकसवून कमीत कमी पृष्ठभागाच्या आकारात, म्हणजे गोल थेंबांत आणतो. लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्ये यातली सर्वांत वेगाने वाढणारी लाट शोधली: तिची लांबी धारेच्या व्यासाच्या सुमारे साडेचार पट, आणि होणारा थेंब धारेच्या जवळजवळ १.९ पट जाड. गंमत बघा, जो पृष्ठताण थेंबाला एकत्र धरून ठेवतो तोच धारेला तोडतो.

पण कारखान्यात असं निवांत तुटणं परवडत नाही, थेंब फार मोठे होतात. म्हणून नोझल द्रवाला गरगरवून बाहेर फेकतं. बाहेर येतो तो पातळ पडदा, पोकळ शंकूच्या आकाराचा. तो पसरत पातळ होतो, फडफडतो, त्याला भोकं पडतात, भोकांमधल्या कडांचे धागे होतात आणि धाग्यांचे थेंब. आणि तेवढ्यावर थांबत नाही. हवेचा मारा पृष्ठताणापेक्षा पुरेसा जोरकस असला तर थेंब पुन्हा फुटतो. या दोहोंच्या गुणोत्तराला वेबर अंक म्हणतात. पाण्यासारख्या पातळ द्रवात तो साधारण १२ च्या वर गेला की थेंब पिशवीसारखा फुगतो आणि फाटतो. द्रव चिकट असेल तर आणखी जोर लागतो; रंगारीदादांचा फोर्ड कप हा चिकटपणाच मोजतो.

एवढा खटाटोप कशासाठी? पृष्ठभागासाठी. एक लिटर पाण्याचे १०० मायक्रॉनचे थेंब केले तर सुमारे १९० कोटी थेंब होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग ६० चौरस मीटर. मुंबईच्या भाषेत ६४५ चौरस फूट, कार्पेट. आकार अर्धा केला की पृष्ठभाग दुप्पट. सुकणं, जळणं, विरघळणं, सगळं पृष्ठभागावर चालतं. डिझेल इंजिनात १,६०० ते २,००० बारचा (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेइतका) दाब याचसाठी देतात. दुधाची पावडर याच तत्त्वावर. मुंबईला दूध पुरवणाऱ्या आणंदच्या संघाने १९५५ मध्ये म्हशीच्या दुधाची पावडर अशीच फवारून सुकवून काढली. सुकवायच्या कोठीत शिरणारी हवा १८० अंशांच्या आसपास असते, पण ओलावा उडत असेपर्यंत थेंब स्वतः बराच गार राहतो, म्हणून दूध करपत नाही.

आणि हे सगळं अतिशय उधळं काम आहे. तो ६० चौरस मीटरचा पृष्ठभाग तयार करायला खरी ऊर्जा लागते ती लिटरची बाटली हातभर उचलण्याइतकी. पंप खातो त्याच्या शेकडो पट. बाकी सगळी वेगात आणि घर्षणात जाते.

विहीरकाठ:
मी मूळचा विदर्भातला, आता डोंबिवलीत. आमच्याकडे 'फवारणी' म्हणजे एकच, कपाशीवरची. बोलताना 'औषध मारणं' किंवा 'पंप मारणं'. विषाला औषध म्हणतो आपण, हेही शब्दचर्चेतच यायला हवं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हापासून तो शब्द तिकडे हलका राहिलेला नाही.

मुद्दा असा: पुस्तिकेत 'बारीक' आणि 'उत्तम' एकमेकांच्या जागी वापरू नका. १०० मायक्रॉनच्या खालचा थेंब पानावर बसत नाही, वाऱ्याबरोबर जातो, मारणाऱ्याच्या तोंडावर येतो. इंजिनाला हवा तो थेंब शेताला नको.

खारफुटी:
विषय थोडा भरकटवते. नेब्युलायझरला सगळे 'वाफ' म्हणतात. 'बाळाला वाफ दिली का?' ती वाफ नाहीच, ते १ ते ५ मायक्रॉनचे औषधाचे थेंब असतात, तेवढे बारीक असले तरच फुफ्फुसात खोल जातात. हात धरून बघा, गार लागतं. आणि खरा वाफारा, टोपात डोकं घालून घेतात तो, त्याने लहान मुलं भाजतात. इथे शब्दाचा घोळ निरुपद्रवी नाही.

दुसरं, महापालिकेची 'धूम्रफवारणी'. डासांसाठी गल्लीत पांढरे लोट सोडतात तोही धूर नाही. डिझेलमध्ये मिसळलेलं कीटकनाशक तापलेल्या नळीत वाफ होतं आणि बाहेरच्या गार हवेत पुन्हा द्रवाचे सूक्ष्म थेंब होतात. म्हणजे धुकं. पण 'धुकंफवारणी' म्हटलं तर माथेरानची जाहिरात वाटेल, त्यामुळे पालिकेला माफ.

मात्रावेलांटी:
ठरवलं. क्रियेला 'द्रव फुटणे / फोडणे', निघतो तो 'फवारा', आणि आकार सांगायचा तिथे सरळ 'थेंबाचा आकार, मायक्रॉनमध्ये'. अडलेलं वाक्य असं होतं: 'द्रव नीट फुटला नाही तर फवाऱ्यात मोठे थेंब राहतात.' दाबाचं वाक्यही बसलं: 'दाब चौपट केला तर प्रवाह दुप्पटच होतो, पण द्रव जास्त बारीक फुटतो.' शीर्षकात 'थेंबफोड' घालू का?

दादरपूर्व:
घालू नका, डोकेफोडसारखं ऐकू येतं. शिवाय फुटताना आधी पडदा आणि धागे असतात, थेंब नंतर. 'द्रव फोडणे' पुरे.

रंगारी कुर्ला:
ताई, एक राहिलं. नोझलमधून पोकळ आकार निघतो त्याला आमची पोरं 'कोन' म्हणतात, इंग्रजीतला. आणि तो किती उघडतो त्यालाही मराठीत कोनच. मागे एका कागदावर 'कोनाचा कोन ८० अंश' लिहून आलं होतं, सगळे अर्धा तास भांडत होते.

मात्रावेलांटी:
अरे देवा, माझ्या मसुद्यात चार ठिकाणी आहे. आकाराला 'शंकू' करते, अंशांना 'फवाऱ्याचा कोन'. शंकू कळेल ना पोरांना?

रंगारी कुर्ला:
बाजूला चित्र काढा, मग काहीही म्हणा.