अनुभव धागा: बागेतलं नको असलेलं तळं कसं काढलंत?

जुना बंगला घेतला की आधीच्या मालकांनी हौसेनं बांधलेलं कमळकुंडही सोबत येतं. घरात रांगतं मूल असतं, डास होतात किंवा नुसती जागा हवी असते. बुजवायचं म्हटलं तर त्यात मासे, बेडूक, कधी कासवही असतं. ही कामं ज्यांनी केली आहेत त्यांनी नेमकी कृती लिहावी. मोघम सल्ले नकोत.

पुणे, बागांची देखभाल

आधी महिना ठरवा. जून ते सप्टेंबर कुंडाला हात लावू नये, कारण बहुतेक बेडकांचा विणीचा हंगाम तोच. पावसाळ्यात काठावरच्या फांदीला किंवा भिंतीला साबणाच्या फेसासारखा गोळा दिसला तर ते झाडबेडकाचं घरटं. त्यातली पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. खाली पाणी नसेल तर सगळी मरतात. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात सोयीचा. तरी पाण्यावर टुणटुण उड्या मारत जाणारा लहान बेडूक बारमाही पाण्यात राहतो, म्हणून भैरोळ्या, म्हणजे बेडकांची शेपटीवाली पिल्लं, आहेत का ते चाळणीनं पाहूनच मोटर लावा.

पाणी मोजून घ्या. 10 फूट × 6 फूट × 2 फूट म्हणजे 120 घनफूट, साधारण 3,400 लिटर. अर्ध्या एचपीची मोटर हे तासाभरात उपसते, आणि गडबड तिथेच होते. रोज एक तृतीयांश काढा. खरखरीत फळीवर गोणपाट ठोकून ती तिरकी पाण्यात सोडा. सिमेंटच्या उभ्या, गुळगुळीत भिंती बेडकांना चढता येत नाहीत, फळीवरून ते रात्री निघून जातात. मोटर भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये ठेवून क्रेटला बाहेरून मच्छरदाणीचं कापड गुंडाळा, नाहीतर भैरोळ्या आणि चतुराच्या अळ्या पंख्यात चिरडतात. कापड गाळानं बुजतं, दर अर्ध्या तासानं धुवा. पाण्यात उतरण्याआधी मोटरचा प्लग काढलाच पाहिजे, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

ठाणे, मत्स्यपालन

मासे शेवटच्या सहा इंच पाण्यात, पहाटे गार असताना पकडा. आधी जाळी मारत बसलात तर गाळ ढवळला जातो, प्राणवायू घटतो आणि मासे वर तोंड काढून धापा टाकू लागतात. मोठ्या टबात कुंडाचंच पाणी भरा, हवेचा पंप लावा, टब सावलीत ठेवा आणि वर जाळी बांधा. कोई जातीचा मासा उडी मारून बाहेर पडतो. ताजं नळाचं पाणी ओतू नका, त्यातल्या क्लोरीननं कल्ले भाजतात.

मासे कोई पाळणाऱ्यांना किंवा मत्स्यालयाच्या दुकानात द्या. नदी, ओढा, विहीर, गावतळं यांत सोडणं हे पुण्य नव्हे. गप्पी, तिलापिया, काचा चाटणारा सकर हे सगळे परदेशी, आणि एकदा नदीत गेले की परत काढता येत नाहीत. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासवही परदेशीच, तेही नदीत सोडू नका. मऊ, चामड्यासारख्या पाठीचं कासव मात्र आपलं. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पाळणं, विकणं दोन्ही गुन्हा. वनखात्याच्या 1926 क्रमांकावर कळवा.

कोकण

कुंडात दिवड असतेच असं धरून चाला. अंगावर चौकटीसारखे काळे ठिपके, स्वभावानं तापट, चावते, पण बिनविषारी. मासे आणि बेडूक संपले की ती आपोआप जाते. खरी काळजी काठावरच्या दगडांच्या राशीची, तिथे घोणस निघू शकते. दगड हातानं न उचलता लांब पहारीनं उलटवा, आणि साप दिसला तर सर्पमित्र येईपर्यंत काम थांबवा. पायात गमबूट, हातात रबरी मोजे हवेतच. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका असतो.

नाशिक, बांधकाम

सगळ्यात जास्त बिघडणारं काम म्हणजे कुंडाची भरणी. हौद तसाच ठेवून वर माती भरली की तळ पाणी धरून ठेवतो. पहिल्याच पावसात तिथे दलदल होते, मुळं कुजतात, कुबट वास सुटतो. पूर्ण तोडायचा नसेल तर तळाला दर तीन-चार फुटांवर हातभर रुंद भोक पहारीनं आरपार पाडा आणि भिंतींचा वरचा फूटभर भाग फोडा. मग भोकात बादलीभर पाणी ओतून पाहा. काळ्या मातीत ते तासन्‌तास हलत नाही. तिथे तळातून एका बाजूला उताराचा भोकांचा पाइप काढावाच लागतो.

भरणी अशी: खाली सहा इंच खडी, वर मुरूम, शेवटी किमान दीड फूट बागेची माती. दर सहा इंचांना पाणी मारून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट दाबा. हौद रिकामा करून पावसाळाभर उघडा ठेवू नका. बाहेरच्या पाण्याच्या दाबानं तळ तडकतो, कधी अख्खा हौद उचलला जातो.

सातारा, गाळ आणि वनस्पती

काढलेला गाळ उन्हात पसरू नका. काठाजवळ सावलीत टेकवा, ओलं गोणपाट टाका, दोन दिवस तसाच राहू द्या. गोगलगाई, अळ्या, बेडूक त्यातून बाहेर पडतात. ते दुसऱ्या टबात घ्या. नंतर गाळ कंपोस्टमध्ये घाला, उत्तम खत होतं. जलपर्णी मात्र फुलायच्या आत काढून कडक वाळवा. ओली फेकली तर ओढ्यात पोचते.

पुणे, बागांची देखभाल (पुन्हा)

काम रेंगाळलं आणि थोडं पाणी राहिलं तर डासांसाठी बीटीआय या जिवाणूची गोळी किंवा पावडर टाका, मात्रा पाकिटावर असते. ती डासांच्या अळ्या मारते, भैरोळ्यांना धक्का लावत नाही. रॉकेल किंवा जळकं ऑइल ओतू नका, पृष्ठभागावर श्वास घेणारं सगळंच त्यानं मरतं.

जागा असेल तर कुंडाचा एक कोपरा चार-सहा इंच खोल, तिरक्या काठाचा ठेवावा असं माझं ठाम मत आहे. परतणाऱ्या बेडकांना तेवढं पुरतं. मूल घरात असेल तर त्यावर लोखंडी जाळी पक्की बसवा, तिच्यातून बेडूक जाईल इतकी भोकं हवीत. भरलेल्या भागावर माती दोन-तीन इंच उंचच ठेवा, आणि चार पोती बाजूला राखून ठेवा. पावसाळ्यानंतर जागा खचते तेव्हा तीच लागते.