बीएस्सी सोडायचंय, पण कॉलेज एलसी देत नाही, काय करू?

तासगावची_मुलगी:
मी जुलैत बीएस्सी फर्स्ट इयरला ॲडमिशन घेतलं, प्रायव्हेट कॉलेज आहे, पूर्ण वर्षाची फी भरली आणि बारावीचा ओरिजिनल एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) न मार्कलिस्ट जमा केली. आता नर्सिंगच्या राऊंडला नंबर लागलाय. ॲडमिशन कॅन्सल करायला गेले तर ऑफिसवाले म्हणतात तिन्ही वर्षांची फी भरा मग कागद न्या. पाच दिवस झाले हेलपाटे घालतेय. आमच्याकडची ॲडमिशनची शेवटची तारीख ३१ ऑगस्ट होती, आज ८ सप्टेंबर. प्लीज कोणीतरी सांगा, रिपोर्टिंगला चारच दिवस राहिलेत.

जुना_प्रतिनिधी:
अगं आधी घाबरू नकोस. यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) ऑक्टोबर २०१८ चं नोटिफिकेशन आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की ओरिजिनल कागद तपासून लगेच परत द्यायचे, कॉलेजने ठेवून घ्यायचेच नाहीत. आणि पुढच्या वर्षांची फी आगाऊ मागणं तर मुळातच चालत नाही. फीचं म्हणशील तर शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांच्या आत कॅन्सल केलं तर ८०% परत, १६ ते ३० दिवसांत ५०%, त्यानंतर फक्त डिपॉझिट. म्हणजे तुझ्या हातात १५ सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. शिवाय यूजीसी मधेमधे त्या वर्षापुरतं वेगळं पत्रक काढते, २०२४-२५ ला तर ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत होती, तेव्हा यंदाचं पत्रक नक्की बघ.
पण तोंडी गेलेले पाच दिवस कुठेच मोजले जात नाहीत गं, याचंच मला वाईट वाटतं, दरवर्षी पोरं इथेच अडकतात. आजच प्राचार्यांच्या नावाने अर्ज दे, दोन प्रती कर, एकीवर इनवर्डचा (अर्ज मिळाल्याचा) शिक्का न तारीख घे. अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे परत करायचे असतात.

कोल्हापूरकर:
शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर त्याच मजकुराचा ईमेल टाक आणि स्पीड पोस्टाने पाठव. माझ्या बहिणीचा अर्ज दोनदा घेतलाच नाही, पोस्टाने पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी एलसी हातात.

जुना_प्रतिनिधी:
तरी नाही दिलं तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे, २०२३ च्या नियमांप्रमाणे त्यांनी १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, तिथे समाधान नाही झालं तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. तुला एवढा वेळ नाही, म्हणून यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर आजच तक्रार टाक आणि तो नंबर अर्जासोबत दाखव. नर्सिंगच्या कॉलेजलाही आजच फोन करून सांग की ओरिजिनल अडकलेत.

लायब्ररीवाला:
आपल्या बाजूचंही बघा. लायब्ररीची पुस्तकं, लॅबचं सामान, आयकार्ड सगळं परत करून नो ड्यूज (काही बाकी नसल्याचा दाखला) घ्या, नाहीतर त्यांना बोट ठेवायला जागा मिळते. होस्टेल असेल तर त्याचा अर्ज वेगळा द्या.

तासगावची_मुलगी:
दोन पुस्तकं आहेत माझ्याकडे, आत्ताच जमा करते. पप्पांना सोबत घेऊन अर्ज द्यायला निघालेय, शिक्का मिळाला की इथे सांगते.