मदत हवी आहे: वेळासच्या घराला गुगल महाबळेश्वरचं रिसॉर्ट म्हणतंय, मेटा डिस्क्रिप्शन बदलायचं कसं?

मंडळी, वेळासला (मंडणगड तालुका, कासवांचं वेळास तेच) मामाचं घर आहे. फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात तेव्हा मामी तीन खोल्या देते, जेवणासकट. साईट एकाने करून दिली होती, तो आता फोन उचलत नाही, सो ते लोढणं माझ्या गळ्यात. मी बँकेत क्लार्क आहे, कोडिंगचा गंध नाही.

साईट वर्डप्रेसवर (साईट बनवायचं सॉफ्टवेअर) आहे, त्यात योस्ट हे गुगलसाठीची माहिती भरायचं प्लगिन टाकलंय. प्रत्येक पानाला टायटल आणि डिस्क्रिप्शन (गुगलवर टायटलखाली येणारी ओळ) नीट मराठीत लिहिलं, पट्टी हिरवी झाली, मी खूश. पण गुगलवर सगळ्या पानांखाली एकच ओळ येते, 'महाबळेश्वरमधील आलिशान रिसॉर्ट, स्विमिंग पूलसह'. अहो स्विमिंग पूल कुठला, विहीर आहे! मामीला एकाने फोन करून वेण्णा लेक किती लांब विचारलं. प्लगिनमध्ये शोध शोध शोधलं, महाबळेश्वर कुठेच नाही. आणि होमपेजच्या टायटलमागे 'जस्ट अनदर वर्डप्रेस साईट' पण येतंय. कीवर्डचा (लोक शोधतील ते शब्द) रकानाही सापडत नाहीये, तो भरल्याशिवाय वर येणार नाही असं मित्र म्हणतो.

प्रतिसाद १:
कीवर्ड विसरा, ते रँकिंगला वापरत नाही हे गुगलने २००९ मध्येच सांगितलंय. 'जस्ट अनदर' ही वर्डप्रेसची जुनी डिफॉल्ट टॅगलाईन, सेटिंग्जमधल्या जनरलमध्ये जाऊन बदला. महाबळेश्वरसाठी कॉम्प्युटरवर पान उघडून कंट्रोल यू दाबा आणि सोर्समध्ये (पानामागचा कोड) 'डिस्क्रिप्शन' शोधा. दोनदा सापडलं तर एक योस्टचं, दुसरं थीममध्ये (साईटचा साचा) हाताने कोंबलेलं. करून देणाऱ्याने दुसऱ्या गिऱ्हाईकाची थीम उचलून चिकटवली असणार, पैज लावतो.

प्रतिसाद २:
+१. पण ते काढलं तरी तुम्ही लिहिलेलंच दिसेल असं नाही हां. डिस्क्रिप्शन ही गुगलला केलेली नुसती सूचना, माणसाने काय शोधलंय ते बघून ते पानातलं वाक्यही उचलतं. म्हणून पानाच्या पहिल्याच परिच्छेदात वेळास, कासवं, राहणं-जेवण हे सगळं सरळ लिहून ठेवा. नंतर सर्च कन्सोलमध्ये (साईटवाल्यांसाठीचं गुगलचं टूल) पानाचा पत्ता टाकून परत इंडेक्सिंगची, म्हणजे गुगलने पान पुन्हा वाचावं अशी, रिक्वेस्ट द्या, लगेच बदलेल अशी अपेक्षा नको. थीमची फाईल उघडण्याआधी बॅकअप घ्या, नाहीतर पांढरं पान बघत बसाल.

धागालेखक:
सापडलं!! हेडरच्या फाईलमध्ये होतं, पैज जिंकलात. ओळ उडवली, साईट जिवंत आहे, रिक्वेस्टही टाकली. मामी म्हणते डिस्क्रिप्शनमध्ये उकडीचे मोदक पण लिही, तेही लिहिलं. आता फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली की स्विमिंग पूलचा फोटो येतोय, तो कुठून काढायचा?

प्रतिसाद १:
तो ओजी इमेजचा टॅग (लिंकसोबत कुठला फोटो दिसेल ते सांगणारी ओळ), वेगळा असतो. त्याच फाईलमध्ये दोन ओळी खाली बघा, तिथेच बसला असेल.